हलक्या गाडीचं वजन

सोलापूर,
शनिवार, ११ मार्च १९७८

प्रिय एकनाथ,

तुझं इंग्लंडहून, कोव्हेंट्रीचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं त्याला आज बारा दिवस झाले. उत्तर नाही म्हणजे प्रभा रागावली, असं तू धरून चालला असशील. तसं काही नाही. मधल्या काळात आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आहे, पण कान शाबूत आहेत. घरी येऊन मी तुझं पाकीट पुन्हा उघडलं, तर कागदाच्या आवाजावरून तिनं खाटेवरनंच विचारलं, "तुझ्या गाडीवाल्याचं का?" मी हो म्हटलं. यंदा ऊन लवकर तापायला लागलंय. नळाला एकाआड एक दिवस पाणी येतं. बाकी गाव तू सोडलंस तसंच आहे.

तू लिहितोस की मुंबईची एक पार्टी भांडवल घालायला तयार आहे, कुर्डुवाडीला रेल्वेलगत जागा बघून ठेवली आहे आणि महिन्याला गाडीच्या दोनशे बॉडी निघतील. यावेळी परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा नाहीत, कारण तुम्ही गाडी करणार नाही, नुसती बॉडी करून दुसऱ्या कारखान्याला देणार. तेल महाग झालंय आणि ते पुन्हा स्वस्त होणार नाही; हलकी गाडी तेल कमी पिते, धूर कमी सोडते, म्हणून पुढची पन्नास वर्षं पत्र्याची नाहीत, फायबरची आहेत. हे मला पटतं. चार वर्षांपूर्वीही पटलं होतं. त्याच पत्रात तू जिल्ह्याच्या कचेरीसाठी फायबर निरुपद्रवी असल्याचं माझं शहात्तर सालचं पत्रक नवी तारीख घालून मागितलं आहेस. 'मजकूर तोच ठेव, एक शब्दही बदलायची गरज नाही,' असं वर लिहिलं आहेस. त्या वाक्यापाशी मी अडले. का अडले ते सांगायचं तर मागं जावं लागेल, आणि त्यातली एक गोष्ट तुला मुळीच माहीत नाही.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये तू आमच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी बादली घेऊन आलास. बादलीत दगडासारखी घट्ट झालेली राळ आणि तिच्यात उभाच्या उभा अडकलेला ब्रश. दारातच तू विचारलंस, "रसायनशास्त्राच्या बाई कुठं भेटतील?" मीच ती, असं सांगितल्यावर तू जरा गोंधळलास, तुला बहुतेक कुणी वयस्क बाई अपेक्षित असाव्यात. साच्यात अंथरलेल्या काचधाग्यांच्या चटईवर राळ थापून तू फायबरची गाडी करायला बघत होतास, आणि तुझी अडचण साधी होती. परदेशी पुस्तकात दिलेलं प्रमाण परदेशी हवेसाठी होतं. आपल्याकडच्या त्रेचाळीस डिग्रीत राळ साच्यावर पसरायच्या आधी बादलीतच आळून बसायची. मी तुला घट्ट करणारं औषध निम्म्यावर आणायला सांगितलं आणि काम सकाळी दहाच्या आत उरकायला. आठवड्यानं तू परत आलास तेव्हा तुझ्या हातात दाराचा तुकडा होता, लाल रंगाचा, एका बोटावर तोलता येईल असा. "हे बघा, दार," असं म्हणून तो तू माझ्या टेबलावर ठेवलास. तो आवाज पत्र्याचा नव्हता, लाकडाचाही नव्हता. मी तो पुन्हा पुन्हा वाजवून बघितला, हे मला आठवतं.

त्यानंतरची दोन वर्षं मी अक्कलकोट रस्त्यावरच्या तुझ्या शेडमध्ये किती वेळा आले, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. गावानं ठेवली असेल. पण चांगल्या दिवसांत एक दिवस मला वेगळा आठवतो. करमाळ्याच्या डॉक्टरांना पहिली गाडी दाखवायची म्हणून आपण निघालो होतो, पंचाहत्तरच्या ऑक्टोबरात. मोहोळच्या पुढं पावसाची एक सर येऊन गेली होती आणि समोरून आलेल्या मालट्रकला वाट देताना तू गाडी कडेच्या काळ्या मातीत घातलीस. चाकं निम्मी रुतली. तू डोक्याला हात लावून बसलास. शेतात तूर खुरपणारी चार माणसं आली, त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि एकानं नुसतं बोटानं दार ठोकून विचारलं, "ही गाडी हाय का खेळणं?" मग त्या चौघांनी आणि आपण दोघांनी मिळून आधी पुढचं, मग मागचं अंग उचललं आणि गाडी रस्त्यावर ठेवली. त्यातला म्हातारा हात झटकत म्हणाला, "लई हलकी की! लगनातली खाट उचलल्यागत वाटलं." तू इतका हसलास की मातीत बसलास. त्या दिवसापर्यंत मी तुला अहो-जाहो करत होते. परतीच्या वाटेवर मी 'तू' म्हटलं आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही. डॉक्टर अजून ती गाडी चालवतात. गेल्या महिन्यात कमलाभवानीच्या देवळाबाहेर मी ती पाहिली. रंग थोडा उडालाय. गंज नाही, कारण गंजायला आत काही नाहीच. लिटरला पंचवीस किलोमीटर अजून देते, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चांगली होती, एकनाथ. मी पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नकोस.

शेडमध्ये घासकामाला सहा बायका होत्या, त्यात नागम्मा सगळ्यात हुशार. पूर्वभागातल्या विणकरांच्या घरातली, आधी विड्या वळायची. विड्या वळून बोटं बारीक कामाला बसलेली, म्हणून तू तिला कडा घासायला घेतलंस. साच्यातून बॉडी निघाली की जास्तीची कड करवतीनं कापायची आणि मग पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची. पांढरी धूळ उडायची. बायका संध्याकाळी निघायच्या तेव्हा केस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे. मनगटांना, मानेला खाज सुटायची. नागम्मानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आधी गार पाण्यानं धुवायचं, घासायचं नाही; घासलं की रुततं. हे शहाणपण तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपण दोघांपैकी तर नाहीच.

शहात्तरच्या जानेवारीत पलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी वासाबद्दल अर्ज केला. तुझी दिल्लीची खेप ठरलेली होती आणि कचेरीतून कुणा जाणकाराचा अभिप्राय मागवला होता. तू माझ्याकडं आलास. मी अर्ध्या तासात एक पान लिहिलं: हा पदार्थ पूर्ण घट्ट झाल्यावर निष्क्रिय असतो, पाण्यात विरघळत नाही, कुजत नाही, त्यातून विषारी द्रव्य बाहेर पडत नाही, सबब तो माणसांना व जनावरांना निरुपद्रवी आहे. खाली सही, हुद्दा, कॉलेजचा शिक्का. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी तयार गाडीबद्दल लिहिलं. ती तयार होताना काय होतं आणि तयार होऊन उरलेल्याचं काय होतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःला विचारलं नाही. त्या पानावर अर्ज निकालात निघाला. तू पेढे आणलेस. मी दोन खाल्ले.

मार्चमध्ये नागम्मा माझ्याकडं आली ती खोकल्यासाठी. दवाखान्यात क्षय समजून बेडका तपासला होता. त्यात काही निघालं नव्हतं. "बाई, धूळ बघा की तुमच्या नळीत," ती म्हणाली. सूक्ष्मदर्शकाला ती नळी म्हणायची. मी तिच्या पदराचं टोक काचपट्टीवर झटकलं आणि बघितलं. बारीक, सरळ, चकाकणाऱ्या काड्या, एकीवर एक पडलेल्या. मी तिलाही बघायला लावलं. ती बराच वेळ डोळा लावून उभी राहिली, आणि म्हणाली, "सुया हायत ह्या." मग विचारलं, "आत पण अशाच असतील काय?" मला माहीत नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं. आजही मी शपथेवर सांगू शकणार नाही. एवढंच सांगू शकते, की भावाच्या लग्नासाठी ती महिनाभर गावाला गेली तेव्हा खोकला उतरला आणि परत कामावर आली तसा आठ दिवसांत चढला. हे मी तुला सांगितलं होतं. तू त्याच दिवशी तोंडाला बांधायला रुमाल आणून दिलेस. चैत्रातल्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारपर्यंत सगळे रुमाल खुंटीवर गेले. तू दिल्लीत होतास. मी बघितलं आणि काही बोलले नाही.

आता ती गोष्ट, जी तुला माहीत नाही. शेडच्या मागं मुरुमाची जुनी खाण होती. कापलेल्या कडा, बिघडलेल्या बॉड्या, राळेत घट्ट झालेले ब्रश, सगळं तिथं जायचं. कुजत नाही, वास येत नाही, मग अडचण कसली, असं तू म्हणायचास आणि मी मान हलवायचे. खाणीला लागून मल्लप्पाचं शेत. तू त्याला पाहिलं असशील, उंच, कपाळाला विभूती, घरात कानडी बोलणारा. त्या वैशाखात तो कॉलेजमध्ये आला. खांद्यावर एक पोतं. शिपायानं त्याला अडवलं होतं, पण त्याच्या हातातल्या कागदावर माझं नाव होतं म्हणून आत सोडलं. तो कचेरीतून मिळवलेली माझ्याच पत्रकाची नक्कल घेऊन आला होता. "बाई, ही सही तुमचीच न्हवं?" मी हो म्हटलं. त्यानं पोतं जमिनीवर ओतलं. कडब्याच्या पेंढ्या होत्या, आणि त्यांच्यात अडकलेले काचेच्या चटईचे झुबके, शेवरीच्या कापसासारखे, आणि नखाएवढ्या लाल कपच्या. फाल्गुनातल्या वावटळींनी खाणीतलं उचलून त्याच्या गंजीवर नेलं होतं. त्याच्या म्हशीची जीभ आणि हिरड्या सुजल्या, तिनं खाणं टाकलं, जखमा चिघळल्या आणि नवव्या दिवशी ती गेली. पाच शेर दूध देणारी म्हैस, दुसऱ्या वेताची. ढोरांच्या डॉक्टरानं तोंडातून काढलेल्या कपच्या त्यानं एका पुडीत बांधून आणल्या होत्या.

तो भांडायला आला नव्हता. त्यानं विचारलं, "ह्यात लिवलंय जनावराला तरास न्हाय. मग माजी म्हस कशानं मेली?" मी त्याला समजावून सांगितलं, एकनाथ. शिकवायच्या आवाजात. घट्ट झालेला पदार्थ आणि त्याची भुकटी यांतला फरक सांगितला, पत्रक पहिल्याबद्दल आहे, दुसऱ्याबद्दल नाही, असं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पेंढ्या परत पोत्यात भरल्या, खाली पडलेलं हातानं गोळा केलं, माझी फरशी घाण राहू नये म्हणून, आणि म्हणाला, "व्हय का. मग आमचंच कायतरी चुकलं आसंल." असं म्हणून तो गेला. तू चार दिवसांनी दिल्लीहून परवाना नाकारल्याचा कागद घेऊन आलास. तुझा चेहरा बघून मी म्हशीचं बोलले नाही. मग तुझी इंग्लंडची नोकरी, पासपोर्ट, शेडचं कुलूप. ऑगस्टात तू गेलास. मी न सांगण्याला तुझ्या चेहऱ्याचं कारण देत आले, पण ते पुरतं खरं नाही. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, 'पत्रक तूच दिलंस ना?' आणि तेव्हा मला तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

तुझं पत्र आल्यावर, गेल्या रविवारी, मी खाणीवर गेले. जाताना नागम्माला सोबत घेतलं. ती आता पुन्हा विड्या वळते, खोकला थोडा आहे, जिने चढताना मधे थांबते. मल्लप्पानं आम्हाला ओळखलं, बसायला घोंगडं टाकलं, ताक दिलं. खाणीच्या कडेनं त्यानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलंय, जनावरं जाऊ नयेत म्हणून. दर उन्हाळ्यात नवं करतो. दिवाळीत त्यानं सगळं पेटवून द्यायचं बघितलं होतं. दोन दिवस काळा धूर निघाला, शेजारचे भांडायला आले, आणि शेवटी राळ जळून काचेच्या जाळ्या तशाच राहिल्या, पांढऱ्या. जिथं आग पोचली नाही तिथं लाल तुकडे परवा घातल्यासारखे झळझळीत. पत्र्याची गाडी मोडली तर भंगारवाला घेऊन जातो, वितळवतो, तिचं तवा-बादली काहीतरी होतं. हे कुणी नेत नाही. मी एक तुकडा उचलून हातात धरला. वजन असं काही नव्हतंच. मी मल्लप्पाला म्हटलं, तो कागद अर्धा होता, चूक तुमची नव्हती, माझी होती. त्यावर तो म्हणाला, "मग तसं लिवा की." नागम्मानं मान हलवली. मल्लप्पा कडबा रचायला गेला.

मी हिशेबी बाई आहे, तुला ठाऊक आहे. एका बॉडीमागं पंधरा किलो कातरण निघत होती, मी त्या वेळीही एकदा वजन केलं होतं, उगीच, कुतूहल म्हणून. महिन्याला दोनशे बॉडी म्हणजे तीन टन. कुर्डुवाडीला खाणी आहेत, शेतंही आहेत, नागम्मासारख्या बायकाही मिळतील. आणि त्या दोनशे गाड्या रस्त्यावर जे तेल वाचवतील तेही खरं आहे. मी दोन्ही आकडे एका पानावर मांडायचा प्रयत्न केला. जमलं नाही, कारण तेल एकाचं वाचतं आणि धूळ दुसऱ्याच्या घशात जाते. पण काही गोष्टी करता येतात. घासकाम कोरडं न करता पाण्याखाली करायचं, म्हणजे धूळ उडत नाही. कापायच्या जागी ओढून घेणारा पंखा आणि त्याला कापडाची पिशवी. कामाचे कपडे कारखान्यातच धुवायचे, बायकांच्या घरी जाऊ द्यायचे नाहीत. साचा असा करायचा की कातरण निम्म्यावर येईल. हे सगळं आकृत्यांसकट तीन पानांवर लिहून सोबत जोडलं आहे. तुला ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल. तू त्यात चुका काढशील, त्या काढ.

आता हे पत्र खरोखर कशासाठी लिहिलं ते सांगते. सोमवारी मी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन माझं जुनं पत्रक लेखी मागं घेतलं आणि त्याजागी नवं दिलं. त्यात गाडी चांगली आहे हे लिहिलंय, आणि नागम्माचा खोकला, मल्लप्पाची म्हैस, खाणीची लांबी-रुंदीही लिहिली आहे. एक नक्कल मल्लप्पाला वाचून दाखवली. प्राचार्यांनी काल बोलावून मला विचारलं की कॉलेजच्या शिक्क्यावर दिलेला अभिप्राय चुकीचा होता असं मी कोणत्या तोंडानं म्हणते. माझी चौकशी होईल. तुझ्या मुंबईच्या माणसांच्या कानावर हे आठवड्याभरात जाईल आणि ते मागं सरतीलही. हे तुला त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, हे एक कारण. दुसरं असं, की तुझ्या पत्रात सहीच्या वर दोन ओळी होत्या: कुर्डुवाडीत घर बघतोय, एकट्याला मोठं होईल, तू येशील का, आईंनाही घेऊन. मी त्या ओळी आधी वाचल्या आणि पत्रकाचं नंतर. त्यांचं उत्तर आधी पाठवून मग कचेरीत गेले असते, तर तुला फसवल्यासारखं झालं असतं. आणि कचेरीत न जाता उत्तर दिलं असतं, तर ते मलाच गिळलं नसतं. म्हणून आधी सोमवार उरकला. उत्तर 'हो' आहे. पंचाहत्तरच्या ऑक्टोबरातही हेच होतं, तू विचारलं नाहीस. आता एवढं वाचून तुला तुझा प्रश्न परत घ्यावासा वाटला तर घे, मी बोल लावणार नाही. पण तो तसाच असेल, तर कुर्डुवाडीला उतरू नकोस, सोलापूरपर्यंत ये. मल्लप्पाच्या खाणीतलं सगळं आपल्याला हातानं उचलून बाहेर काढायचं आहे, मी, तू, आणि ज्यांना यावंसं वाटेल ते. काढून ते कुठं न्यायचं, हे मला अजून माहीत नाही.

अजूनही तुझीच,
प्रभा